होमस्टेच्या धंद्यात बोटीचा खर्च कसा टाकायचा, आणि कधी टाकायच्या भानगडीत पडायचं नाही

तारकर्ली, देवबाग, गुहागर, मुरुड, कुठेही बघा, होमस्टेवाल्याच्या दारात आज ना उद्या एक फायबरची बोट येतेच, आणि बोट आली की शेजारचा कुणीतरी सांगून जातो की अरे धंद्यात दाखव ना, सगळा टॅक्स वाचेल. सगळा वाचत नाही. थोडा वाचतो, तोही बोट खरंच धंद्यासाठी फिरली असेल तेवढाच, आणि ती फिरली हे दाखवायचं काम तुमचं असतं, आयकरवाल्या साहेबाचं नाही. बरं, यूट्यूबवर अमेरिकेतले लोक यॉट घेऊन टॅक्स कसा वाचवायचा ते सांगतात ते बघून तर अजिबात काही करू नका, तिकडचा कायदा वेगळा आणि तिकडेसुद्धा २०१८ पासून क्लायंटच्या करमणुकीचा खर्च वजा मिळत नाही.

आधी हे बघा की तुम्हाला याची गरज तरी आहे का. नव्या टॅक्स रिजीममध्ये २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर रिबेटमुळे (टॅक्समधल्या सुटीमुळे) टॅक्स शून्य होतो. चार खोल्यांचा होमस्टे, थोडी बागायत, एवढ्यावर चाललेलं घर असेल तर बोटीचा खर्च टाकून शून्याचं शून्यच राहणार. दुसरं म्हणजे आपल्याकडचे बरेच जण आयकराच्या कलम ४४एडी खाली, म्हणजे ठोक टक्क्याने नफा धरून, रिटर्न भरतात. म्हणजे टर्नओव्हर २ कोटींच्या आत (कॅश ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी), आणि बँक-यूपीआयने आलेल्या पैशावर ६ टक्के, कॅशवर ८ टक्के किंवा त्याहून जास्त नफा दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. समजा वर्षाचा धंदा १८ लाख, सगळा यूपीआयवर, तर ६ टक्क्यांनी नफा १,०८,००० धरला जातो. यातून परत बोटीचं पेट्रोल, इन्शुरन्स, घसारा (वस्तू झिजते म्हणून तिच्या किंमतीतला दरवर्षी खर्चात जाणारा भाग) वजा करता येत नाही, ते सगळं त्या ६ टक्क्यांच्या हिशोबात आधीच धरलेलं असतं. उलट घसारा मिळाला असं समजून बोटीची पुस्तकातली किंमत दरवर्षी खाली येत राहते. आणि बोटीच्या नादात ४४एडी मधेच सोडलं तर पुढची ५ वर्षं परत त्यात जाता येत नाही, त्यात उत्पन्न बेसिक लिमिटच्या (टॅक्स न लागणाऱ्या मर्यादेच्या) वर असेल तर ऑडिटही मागे लागतं. माझं मत स्पष्ट आहे, ४४एडीत सुखी असाल तर एका बोटीसाठी त्यातून बाहेर पडू नका.

ज्यांचे हिशोब रीतसर वह्या ठेवून होतात, टॅक्सही बसतो, त्यांनी पुढचं वाचावं.

मूळ नियम कलम ३७(१) चा, खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला पाहिजे, घरगुती नको आणि भांडवली (म्हणजे बोटीसारखी टिकाऊ वस्तू विकत घ्यायचा) नको. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, पण हे तत्त्व तेच आहे. मी जुनेच नंबर देतोय कारण अजून सगळ्यांच्या तोंडात तेच आहेत. याला जोडून ३८(२), वस्तू अर्धी धंद्याला आणि अर्धी घरी वापरली तर खर्च आणि घसारा त्या प्रमाणातच मिळतो. आपल्या बोटीला लागतं ते मुख्यतः हे ३८(२). कारण खरं सांगा, नारळी पौर्णिमेला घरची पोरं कुणाच्या बोटीत बसतात, गणपतीला चाकरमानी आले की संगमावर फेरी कुणाची होते, आणि मे महिन्यात गेस्ट आणि मावसभावंडं एकाच आठवड्यात येतात तेव्हा काय होतं ते सगळ्यांना माहितीय.

म्हणून लॉगबुक. शंभर पानी वही पुरते, ॲप नको. तारीख, कुठून कुठे, बोटीत कोण (गेस्टच्या बिलाचा नंबर लिहिला की झालं), इंजिनाचे तास, पेट्रोल किती घातलं, आणि फेरी धंद्याची की घरची. आउटबोर्डला (बोटीच्या मागे लावतात त्या इंजिनाला) तासांचा मीटर असेल तर सोनं, नसेल तर घड्याळ बघून लिहा. ही नोंद त्याच दिवशी संध्याकाळी, आठवड्याने आठवून नाही, कारण एकाच शाईत एकाच हाताने लिहिलेली अख्ख्या सीझनची वही बघितल्यावर कुणालाही कळतं की ती मार्चमध्ये बसून लिहिलीय. घरच्या फेऱ्याही लिहा. लोक इथेच कचरतात, पण ज्या वहीत एकही घरची फेरी नाही त्या वहीवर विश्वास कोण ठेवणार?

मग सीझन संपला की बेरीज. समजा २०० तास इंजिन चाललं, त्यात १५० गेस्टचे, ५० घरचे, म्हणजे धंद्याचा वाटा ७५ टक्के. पेट्रोल फेरीवार लिहिलेलं असेल तर थेट गेस्टच्या फेऱ्यांचं पेट्रोल टाका. इन्शुरन्स, इंजिनाची सर्व्हिस, पावसाळ्याआधी बोट वर काढून शाकारायचा खर्च, झाप, मजुरी, कर्जाचं व्याज, हे सगळं फेरीवार तोडता येत नाही, तिथे ७५ टक्के लावायचे. खलाशी फक्त गेस्टच्या फेऱ्यांना येत असेल तर त्याचा पगार पूर्ण. मुलालाच खलाशी म्हणून ठेवला असेल तर बाहेरच्या माणसाला दिला असता तेवढाच पगार दाखवा, घरच्यांना जास्त दिलेलं साहेब काढून टाकू शकतो.

गेस्टच्या बिलावर बोटफेरी वेगळी ओळ म्हणून दाखवा. "राहणं जेवण बोट सगळं मिळून इतके" असं असेल तर बोटीने कमावलं काय हेच दिसत नाही, आणि ज्याची कमाई दिसत नाही त्याचा खर्च भांडून मिळवावा लागतो.

आता घसारा. बोट घेतली म्हणजे तिची किंमत त्याच वर्षी खर्चात जात नाही, बोटींना २० टक्के घसारा, राहिलेल्या किंमतीवर दरवर्षी. ६ लाखांची बोट, पहिल्या वर्षी १,२०,०००, धंद्याचा वाटा ७५ टक्के धरला तर ९०,०००. पण घेतलेल्या वर्षात बोट १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर घसारा अर्धाच, म्हणजे त्याच उदाहरणात ४५,०००. हिशोब केला तर ३ ऑक्टोबरपर्यंत बोट धंद्याला लागली पाहिजे, आणि आपल्याकडे तर दसरा-दिवाळीच्या तोंडावर बोटी घेतात! बोट घ्यायचीच आहे तर लायसन्सचे कागद पावसाळ्यातच हलवा आणि सप्टेंबरात समुद्र शांत झाला की पहिली फेरी मारून तिचं बिल फाडा. दुसऱ्या वर्षापासून ही १८० दिवसांची अट नाही, त्यामुळे पावसात बोट झापाखाली होती म्हणून घसारा कमी होत नाही.

बोट लावायच्या आधी एक गोष्ट मात्र पक्की करा, ती प्रवासी बोट म्हणून महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे नोंदलेली आहे का. मासेमारीच्या लायसन्सवरची बोट गेस्टना डॉल्फिन दाखवायला नेली तर तो नुसता बंदरखात्याचा प्रश्न राहत नाही, कायद्याने मनाई असलेल्या कामाचा खर्च आयकरात वजाच मिळत नाही. दंड भरला तर तोही मिळत नाही. मच्छीमार सोसायटीतून करपरताव्याचं डिझेल घेऊन ते पर्यटकांच्या बोटीत घालणं आणि वर त्याचं बिल खर्चात लावणं, हे तर स्वतःच्या पायाने जाऊन सांगण्यासारखं आहे.

कॅशचं बघा. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर कॅश दिली तर तो अख्खा खर्च बाद, वरचा भाग नव्हे, अख्खा. फायबरवाला १८,००० रोख मागतो, त्याला सांगा अकाउंटवर घे. जुनी बोट घेताना १०,००० च्या वर कॅश दिली तर तेवढी रक्कम बोटीच्या किंमतीतच धरत नाहीत, म्हणजे त्यावर घसारा कायमचा गेला. विकणाऱ्याने २ लाख किंवा जास्त कॅश घेतली तर त्याला तेवढाच दंड, हे त्याला सांगितलंत की तोही पटकन यूपीआयवर येतो. मासे मात्र वेगळे, थेट मच्छीमाराकडून घेतले तर कॅशची ही मर्यादा लागत नाही, मधल्या व्यापाऱ्याकडून घेतले तर लागते. पेट्रोल कॅनमध्ये आणताना पंपाची पावती घ्याच, आणि ती गरम कागदावरची पावती दोन महिन्यांत कोरी होते, तेव्हा मोबाइलवर फोटो.

जीएसटी थोडक्यात. मौजेच्या बोटीवर, यॉटवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, प्रवासी फेरीबोटीवर ५ टक्के. बोट बांधणाऱ्याने बिलावर काय लिहिलंय ते पैसे द्यायच्या आधी वाचा, आणि बोट खरंच प्रवासी वापराची बांधलेली आणि तशीच नोंदलेली असू द्या. बोटीवरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा करणं) एरवी मिळत नाही, तिची दुरुस्ती आणि इन्शुरन्स यावरचंही नाही. प्रवासी वाहतूक, मालवाहतूक किंवा बोट चालवायचं ट्रेनिंग असा धंदा असेल तरच. २० लाखांच्या आतला, जीएसटी नंबर नसलेला होमस्टे असेल तर हा विषयच नाही, भरलेला जीएसटी बोटीच्या किंमतीत धरा आणि त्यावर घसारा घ्या. क्रेडिट घेतलं असेल तर त्याच रकमेवर परत घसारा नाही.

प्रायव्हेट लिमिटेड काढून बोट कंपनीच्या नावावर घ्यायची आयडिया अलिबाग-मांडव्याकडे बरीच ऐकू येते. डायरेक्टर वीकेंडला स्वतः फिरला की ती फेरी कंपनीने त्याला दिलेली सवलत म्हणून त्याच्याच उत्पन्नात येऊ शकते. लहान धंद्याला हे परवडत नाही.

आणि बोट विकायची वेळ आली तर विक्रीचे पैसे त्या ब्लॉकमधून (एकाच दराने घसारा लागणाऱ्या वस्तूंच्या पुस्तकातल्या एकत्र किंमतीतून) वजा होतात, ब्लॉकमध्ये शिल्लक होती त्याहून जास्त मिळाले तर वरचा पैसा शॉर्ट टर्म गेन (अल्प मुदतीचा भांडवली नफा) म्हणून टॅक्सला येतो. इतकी वर्षं घसारा खाल्लेला असतो, म्हणून चांगल्या भावाला विकलेली बोट पुस्तकात फायदा दाखवते. इंजिन वेगळं विकलं असेल तर त्याचीही पावती करा, आणि लॉगबुकं बोटीबरोबर नव्या मालकाला देऊन टाकू नका, निदान ८ वर्षं कपाटात राहू द्या.