अंदमानला घरच्यांना घेऊन जाताय? चिडचिड आणि घरची आठवण कशी सांभाळायची

अंदमानचं नाव काढलं की लोक बीच कुठले, स्कुबा कुठे, पॅकेज कितीला पडलं एवढंच विचारतात. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई गप्प गप्प व्हायला लागते, पोरं "घरी कधी जायचं" म्हणून डोकं खातात आणि बाबा ड्रायव्हरवर चिडतात, त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. यातलं बरंचसं टाळता येतं, फक्त तयारी बुकिंगच्या वेळीच करायला हवी, तिथे पोचल्यावर हातात फार काही राहत नाही.

सगळ्यात आधी संध्याकाळ बघा, मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, त्यामुळे दिवस तास-सव्वा तास आधी उगवतो आणि तसाच लवकर मावळतो, डिसेंबरात तर पाचच्या सुमारास सूर्यास्त आणि पावणेसहाला चांगलाच अंधार. हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) अंधार पडल्यावर करण्यासारखं फार काही नसतं, जेवायला आठ वाजणार, म्हणजे मधले दोन-अडीच तास सगळे रूममध्ये एकमेकांची तोंडं बघत बसलेले. घरी हीच वेळ दिवेलागणीची, चहाची, शेजारणीशी दोन शब्द बोलायची, मग आठवण येणार नाही तर काय होईल? म्हणून दिवस तिकडच्या सूर्याप्रमाणे चालवा, पाच-साडेपाचला उठा, फिरणं सकाळी उरका, दुपारी ऊन कडक असतं तेव्हा सगळ्यांना सक्तीने झोपवा, आणि संध्याकाळी काहीतरी ठरलेलं ठेवाच. पोर्ट ब्लेअरला (नाव २०२४ ला श्री विजयपुरम झालंय, पण लोक अजून जुनंच म्हणतात) असाल तर सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो किंवा अॅबर्डीन बाजारात चक्कर. बेटावर असाल तर पत्त्यांचे दोन कॅट आणि तांबोला सोबत असू द्या, ह्याने खरंच फरक पडतो.

जेलचं सांगायचं तर आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ अंदमानला मुळात सावरकरांची कोठडी बघायलाच येतात, समुद्र त्यांना नंतर. त्यामुळे ते शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिल्याच दिवशी करा, पाय आणि मन दोन्ही ताजं असतं. कोठडी वरच्या मजल्यावर आहे, गुडघे दुखणाऱ्यांना जिने हळूहळू चढू द्या, गाईडच्या घाईत पळवू नका. बाहेर आल्यावर आईबाबांना थोडा वेळ शांत बसू द्या, लगेच पुढच्या पॉइंटला नेऊ नका.

आता बोटी. खरी चिडचिड इथे होते. बंगालच्या उपसागरात हवा बिघडली की फेरी रद्द, आणि यात कुणाशी भांडून काही उपयोग नाही. पावसाळा गेला तरी ऑक्टोबर ते डिसेंबर कमी दाबाचे पट्टे येत राहतात. उपाय एकच, परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, जमलं तर दोन रात्री. सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी विमान असं कुणी स्वस्तात बसवून देत असेल तर सरळ नाही म्हणा. स्कुबा केलं असेल तर तसंही विमानाआधी १८ ते २४ तास मध्ये जाऊ द्यावे लागतात, म्हणजे हा मोकळा दिवस वाया जात नाहीच. बोट लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून घरूनच आणावी, उलटी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही, बोट सुटायच्या आधीच घ्यायची. पोट रिकामंही नको आणि पुरीभाजीने गच्चही नको. सीट मधली घ्या, तिथे हलणं कमी लागतं, आणि मोबाइल बघायचा नाही, लांब क्षितिजाकडे बघायचं.

बाराटांग बेटावर जाणार असाल तर मध्यरात्रीनंतर उठून निघावं लागतं, कारण वाटेत लागणाऱ्या जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. लहान पोरं आणि सत्तरीचे आजीआजोबा असतील तर मी म्हणेन तो दिवस गाळा. गेलात तर वाटेत फोटो काढायला बंदी आहे, ती मनापासून पाळा, ती माणसं बघायची वस्तू नाहीत.

जेवणाचं. मासे खाणाऱ्यांची चंगळ असते, शाकाहारी माणूस मात्र चार दिवसांत तेच पनीर आणि तीच दाल खाऊन कंटाळतो. साधा गरम भात कुठेही मिळतो, म्हणून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट झाकणाच्या डबीत तूप न्या. थकून आलेल्या माणसाच्या ताटात मऊ भातावर मेतकूट आणि तूप पडलं की त्याचा चेहरा बघा, मग सांगायला नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, त्यात तेल असल्यामुळे पेट घेतात म्हणून बऱ्याच विमान कंपन्या नेऊ देत नाहीत. आणि चहा! हॉटेलच्या टी-बॅगवर आपल्या माणसांचं भागत नाही. छोटी इलेक्ट्रिक किटली, घरची चहापूड, दुधाची पावडर, सुंठ-वेलचीची पूड, एवढं बॅगेत असलं की साडेपाचच्या अंधारातही रूमला घराचा वास येतो.

आईची आठवण म्हणजे नुसती हुरहुर नसते, त्यात काळजी भरलेली असते हेही लक्षात घ्या. तुळशीला पाणी कोण घालतंय, दूधवाल्याला सांगितलं का, गॅस बंद केला ना. हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी तिच्यासमोरच उरका, किल्ली शेजारी द्या आणि शेजारच्या काकूंना सांगा की एक-दोनदा तुळशीचा फोटो टाका म्हणून. २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यामुळे पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला इंटरनेट पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे, पण बाराटांगच्या रस्त्यावर वगैरे नेटवर्क मिळत नाही, तेव्हा घरी फोनची एकच वेळ ठरवा, संध्याकाळची, दहा-पंधरा मिनिटं पुरे. दिवसभर फोन चालू ठेवला तर मन तिकडेच अडकून राहतं, विशेषतः पोरांचं.

बाकी किरकोळ: बाकीच्या बेटांवरच्या एटीएमवर विसंबू नका, कॅश पोर्ट ब्लेअरलाच काढा. सुती कपडे जास्त घ्या, दमट हवेत कपडे वाळत नाहीत. किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माशा चावतात, पायांना खोबरेल चोळा, चावल्यावर खाजवू नका, खाज आठवडाभर राहते आणि पोरं रात्री झोपत नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री पोरांचे खिसे आणि बॅगा तपासा. किनाऱ्यावरचे शंख, शिंपले, कोरल नेता येत नाहीत, एअरपोर्टला सापडले की काढून घेतात आणि तिथे रडारड होते, त्यापेक्षा आधीच पोरांना नीट समजावून त्यांच्याच हाताने परत ठेवायला लावा. शंख-शिंपल्यांची वस्तू न्यायचीच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि बिल वरच्या कप्प्यात ठेवा.