विष तयार करणारी बुरशी ओळखताना या चुका टाळा

मे महिन्यात भरलेले पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे, डबे जून-जुलैत उघडले की एखाद्या तरी डब्यात बुरशी निघतेच. खोबऱ्याच्या वाटीवर हिरवट पूड दिसते, मिरचीच्या पोटात करडी जाळी धरलेली असते, भुईमुगाच्या दाण्यांना कुबट वास येतो. मग घरात प्रश्न उठतो, ही विषारी असेल का? सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलेही पेट्री प्लेट (बुरशी वाढवायची चपटी बशी) हातात धरून हेच विचारतात. खरे तर हे तीन प्रश्न आहेत. ही बुरशी कोणती? तिचा हा स्ट्रेन (त्याच जातीतला पोटप्रकार) विष तयार करू शकतो का? आणि समोरच्या अन्नात विष उतरले आहे का? खालच्या बहुतेक चुका एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे होतात.

याबद्दल आग्रह धरायला कारण आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा शोध घेता घेता अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष हाती लागले. आपल्या देशात १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरसलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभराहून जास्त माणसे दगावली. एवढी तीव्र विषबाधा क्वचित होते. थोडे थोडे अफ्लाटॉक्सिन वर्षानुवर्षे पोटात जात राहणे हा जास्त नेहमीचा धोका आहे. त्याने यकृताचा कर्करोग होऊ शकतो आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. फ्लेव्हसला २५ ते ३५ अंश तापमान मानवते. म्हणजे गोव्यातले जवळजवळ अख्खे वर्ष.

रंगावरून निकाल देणे

‘काळी बुरशी वाईट, पांढरी पुसून टाकली की झाले’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. कोवळेपणी बहुतेक बुरश्या पांढऱ्याच असतात, रंग नंतर बीजाणूंबरोबर (बुरशीच्या सूक्ष्म बियांबरोबर) येतो. आज पांढरी दिसणारी परवा हिरवी होईल. खोबऱ्यावर किंवा कांद्यावर दिसणारी काळी पूड बहुधा अॅस्परजिलस नायजरची असते. ती अफ्लाटॉक्सिन करत नाही, पण तिचे काही स्ट्रेन ऑक्राटॉक्सिन किंवा फ्युमोनिसिन ही दुसरी विषे करतात. फ्लेव्हस पिवळसर हिरवी. मात्र पावावरची हिरवी बुरशी बहुतेक वेळा पेनिसिलियमची निघते. सर्वांत चकवणारे उदाहरण अॅस्परजिलस ओरायझीचे. ती फ्लेव्हसची सख्खी बहीण शोभेल इतकी सारखी दिसते, अफ्लाटॉक्सिन करत नाही आणि जपानमध्ये सोया सॉस व मिसो तिच्यावरच बनतात.

तेव्हा रंगावरून फक्त संशय घ्यावा. स्वयंपाकघरात तेवढा संशय पुरेसा आहे, वस्तू फेकून द्या. प्रयोगशाळेत मात्र काम तिथून सुरू होते.

खरवडणे, ऊन देणे, भाजणे

बुरशीचे तंतू दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे आत गेलेले असतात आणि विष तंतूंच्याही पुढे झिरपते. म्हणून खोबऱ्याची वाटी वरून खरवडून उरलेली वाटणात घालू नका. दाणे, कडधान्ये, मऊ पदार्थ, पाव, मसाले, सगळ्यांना हेच लागू.

उन्हाने बुरशीची वाढ थांबते, आधी तयार झालेले विष जात नाही. भाजल्याने, उकडल्याने, प्रेशर कुकरमध्ये शिजवल्यानेही ते बहुतांशी तसेच राहते, कारण अफ्लाटॉक्सिनचे विघटन साधारण २४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर होते. आपल्या भाजीला किंवा हुमणाला (माशांच्या कालवणाला) तेवढी आच कधी लागत नाही. ऊन द्यायचे ते बुरशी येण्याआधी, डबे भरताना. खोबऱ्यातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास आणि भुईमुगाच्या दाण्यांतला ७ ते ८ टक्क्यांपर्यंत उतरला की फ्लेव्हसला वाढता येत नाही. पण पावसाळी हवेत डबा वरचेवर उघडत राहिला तर सुकवलेला माल पुन्हा ओलावा धरतो. मोठ्या डब्यातून आठवड्यापुरते काढून छोट्या बरणीत ठेवणे हा जुन्या बायकांचा रिवाज शास्त्राला धरूनच आहे.

बाहेरून चांगले म्हणजे आतून चांगले असे मानणे ही याचीच जोड चूक. काणकोणची खोला मिरची असो की दुसरी कोणती, बुरशी बियांच्या पोकळीत वाढते आणि साल लालबुंद राहते. दळायला देण्याआधी मूठभर मिरच्या उभ्या चिरून पाहा. उकड्या तांदळाचा मूळ लालसर रंगही डाग लपवतो. तिथे वास आणि गुठळ्या यांच्यावर जास्त भर द्यावा, पण बरणीत नाक खुपसून वास घेऊ नये. बीजाणू श्वासातून आत जातात, दम्याच्या माणसाने तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

खराब झालेले गुरांना घालणे

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती करणाऱ्याला वाटते की आपण काही वाया घालवले नाही. बुरसलेली पेंड किंवा मका खाल्लेल्या गाईच्या दुधात एका दिवसाच्या आत अफ्लाटॉक्सिन एम१ उतरते. अफ्लाटॉक्सिन बी१ पासून गाईच्या यकृतात ते बनते. दूध तापवून किंवा पाश्चराइझ करून ते जात नाही, आणि घरात सर्वांत जास्त दूध पिते ते लहान मूल. म्हणूनच आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दुधातल्या एम१ ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. कडधान्ये आणि तृणधान्ये यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे, त्याच्याशी ही ताडून पाहा. घाण्याला खराब खोबरे देणेही तसेच. विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, थोडा कच्च्या तेलात येतो. पेंड शेवटी गोठ्यातच जाते.

चुकीच्या माध्यमावर बुरशी वाढवणे

आता प्रयोगशाळेकडे. नमुना नेहमीच्या पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार या जेलीसारख्या पोषक माध्यमावर पसरला आणि दोन दिवसांत रायझोपस या बुरशीने अख्खी प्लेट झाकली, ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. डायक्लोरॅन हे रसायन असलेले माध्यम वापरा, ते भरभर पसरणाऱ्या बुरश्यांना आवर घालते. अशी दोन माध्यमे आहेत, ओलसर नमुन्यासाठी डीआरबीसी, सुक्या मालासाठी डीजी१८. डीआरबीसीमधले रोझ बेंगाल हे रंगद्रव्य उजेडात बिघडून बुरश्यांनाच घातक ठरते, त्यामुळे या प्लेट खिडकीजवळ ठेवू नका, अंधारात ठेवा. ‘काहीच उगवले नाही’ याचे कारण कधी कधी एवढेच असते.

जीवाणूंच्या सवयीने प्लेट पालथ्या ठेवणे हीसुद्धा चूक आहे. बुरशीच्या प्लेट सुलट ठेवाव्यात. पालथ्या ठेवल्या तर बीजाणू झाकणावर पडतात, पुढे प्लेट उलटताना परत माध्यमावर येतात आणि एका वसाहतीच्या (बुरशीच्या एका ठिपक्याच्या) दहा होतात.

अख्ख्या दाण्यांचा नमुना असेल तर आधी ठरवा की बाहेरची धूळ मोजायची आहे की आत शिरलेली बुरशी. आतली हवी असेल तर दाणे ०.४ टक्के क्लोरीनच्या द्रावणात दोन मिनिटे बुडवून, निर्जंतुक पाण्याने धुऊन थेट माध्यमावर मांडा. नाही तर म्हापशाच्या बाजारातली धूळच तुमच्या वहीत उतरेल.

नारिंगी पाठ दिसली की ‘अफ्लाटॉक्सिन सापडले’ लिहिणे

एएफपीए या माध्यमावर फ्लेव्हस आणि तिच्या जवळची अॅस्परजिलस पॅरासिटिकस यांच्या वसाहतींची खालची बाजू झगझगीत नारिंगी-पिवळी होते. फार उपयोगी माध्यम आहे, पण ते फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. रंग येतो तो अॅस्परजिलिक आम्ल आणि माध्यमातले लोह यांच्या संयोगाने, अफ्लाटॉक्सिनचा त्याच्याशी संबंध नाही. निसर्गात सापडणाऱ्या फ्लेव्हसचे बरेच स्ट्रेन अफ्लाटॉक्सिन तयारच करत नाहीत. पॅरासिटिकस मात्र जवळजवळ नेहमी करते.

वेळही पाळायला हवी. प्लेट ३० अंशांवर ४२ ते ४८ तासांनी वाचायची. शनिवारी सकाळी लावून सोमवारी दुपारी उशिरा वाचली तर अॅस्परजिलस ऑक्रेशियसही पिवळी पाठ दाखवू लागते आणि गोंधळ होतो. नायजर कधी कधी फिकट पिवळी दिसते, पण नारिंगी होत नाही आणि ४८ तासांनंतर तिची काळी डोकी स्वतःच ओळख देतात.

फ्लेव्हस की पॅरासिटिकस हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवा. पॅरासिटिकसचे बीजाणू स्पष्ट खडबडीत असतात आणि फुगीर डोक्यावर फायलाइडचा (बीजाणू तयार करणाऱ्या पेशींचा) बहुधा एकच थर असतो. फ्लेव्हसमध्ये बीजाणू गुळगुळीत किंवा किंचित खरखरीत आणि बऱ्याच डोक्यांवर दोन थर. हा भेद वहीपुरता नाही, कारण फ्लेव्हस साधारणपणे बी गटाचे अफ्लाटॉक्सिन करते, पॅरासिटिकस बी आणि जी दोन्ही.

निळा प्रकाश पाहून खात्री करून घेणे

दुसऱ्या प्रश्नासाठी गोव्यात सर्वांत सोयीचे माध्यम म्हणजे खोबऱ्याचे अगार. किसलेले खोबरे गरम पाण्यात वाटून कापडातून गाळायचे, त्यात अगार घालून निर्जंतुक करायचे. तीन ते पाच दिवसांनी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली विष करणाऱ्या वसाहतीभोवती निळसर वलय दिसते. पाकिटातले खोबरे घेत असाल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बुरशी न लावलेली एक प्लेट आणि शक्य असेल तर विष करणारा ओळखीचा एक स्ट्रेन शेजारी हवाच, नाही तर खोबऱ्याची स्वतःची झाक तुम्हाला फसवेल. खातरजमेला अमोनियाची चाचणी चांगली. झाकणात अमोनियाच्या द्रावणाचे थोडे थेंब टाकून प्लेट त्यावर पालथी धरली की विष करणाऱ्या वसाहतीची पाठ गुलाबी-लाल होते. हे धूर खेचणाऱ्या कपाटातच (फ्यूम हूडमध्ये) करा. या दोन्ही चाचण्या नकारात्मक आल्या तरी स्ट्रेन निर्दोष ठरत नाही, कमी विष करणारे स्ट्रेन त्यांतून निसटतात.

घरी स्वस्त जांभळी टॉर्च मारून दाणे तपासण्याचे व्हिडिओ पाहून कोणी निर्णय घेऊ नये. त्या टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या असतात, ३६५ च्या नव्हेत. मक्यात दिसणारी हिरवट-पिवळी चमकही कोजिक आम्लापासून येते, ती बुरशी येऊन गेल्याचा इशारा देते, विष मोजत नाही.

प्लेट रिकामी म्हणजे अन्न सुरक्षित असे समजणे

दाणे भाजले, मसाला दळून तापवला, की बुरशी मरते. प्लेटवर एकही वसाहत येत नाही आणि विष जागच्या जागी असते. उलट बाजूने, बुरशी सापडली तरी विष तयार व्हायला पुरेसा ओलावा आणि वेळ मिळालाच असेल असे नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अन्नातच शोधावे लागते. झटपट चाळणीसाठी एलायझा ही प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी, नेमक्या आकड्यासाठी एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री या यंत्रांवरच्या पद्धती.

इथे नमुन्याची चूक सर्वांत महाग पडते. विष मालात सारखे पसरलेले नसते. एकाच शेंगदाण्यात किलोला दहा लाख मायक्रोग्रॅम या प्रमाणाहूनही जास्त अफ्लाटॉक्सिन आढळलेले आहे. असा दाणा दहा हजारांत एक असला, तरी अख्ख्या मालाची सरासरी १०० मायक्रोग्रॅम होते, आणि पोत्याच्या तोंडाशी घेतलेल्या मुठीत तो दाणा येण्याची शक्यता नगण्य. पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडे थोडे घ्या, सगळे एकत्र दळा आणि त्यातला भाग तपासणीला द्या. नमुना कागदी पिशवीत न्या. बंद प्लास्टिकमध्ये बाष्प सुटते आणि वाटेतच बुरशी वाढते.

कल्चर ऑटोक्लेव्ह केले की निर्धास्त होणे

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र. त्यात १२१ अंशांवर बीजाणू मरतात, अफ्लाटॉक्सिन उरू शकते. काचेची भांडी नंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून ठेवा, हातमोजे घाला, आणि हायपोक्लोराइट असलेले काही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.

अहवाल अर्धाच वाचणे

अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. गोव्यात चौकशीची जागा म्हणजे बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय. नमुना देण्याआधी कोणते विष तपासायचे हे लेखी सांगा, कारण अफ्लाटॉक्सिनच्या चाचणीत ऑक्राटॉक्सिन किंवा फ्युमोनिसिन आपोआप दिसत नाही. अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल तर शेजारी शोधमर्यादेचा, म्हणजे चाचणीला दिसू शकणाऱ्या किमान प्रमाणाचा, आकडा पाहा. ती मर्यादा ५ असेल तर तुमच्या नमुन्यात ४ असू शकते. आणि आकडा कोणत्या मर्यादेशी ताडायचा हे पदार्थावर ठरते. मसाल्यांना ३० मायक्रोग्रॅम आहे म्हणून तोच निकष दाण्यांना लावू नका.