काम सोडून गेलेल्या माणसाने तुमच्या नावावर उधारी केली तर काय करावं?

समजा, तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. खरेदी बघणारा मुलगा तीन वर्षं एकाच हार्डवेअरच्या दुकानातून पाइप, अँगल, वेल्डिंग रॉड उचलायचा, चलनावर सही करायचा आणि महिनाअखेर तुम्ही बिल भागवायचात. मे महिन्यात तो काम सोडून गेला. जुलैत दुकानदाराचा फोन आला, "शेठ, ८४ हजार बाकी आहे." माल जूनमधला.

"तेव्हा तो माझ्याकडे नव्हताच" हे उत्तर लगेच सुचतं. पण तेवढ्याने सुटका होत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०८ सांगतं की, तुमच्या माणसाचा अधिकार तुम्ही काढून घेतलात, तरी समोरच्या तिऱ्हाइतापुरता तो संपतो त्याला ते कळल्यावरच. कायद्यातच उदाहरण दिलंय. मद्रासचा मालक पत्राने आपल्या माणसाला मुंबईच्या वखारीतला कापूस विकायला सांगतो, मग दुसऱ्या पत्राने मनाई करतो. ती मिळाल्यावरही तो माणूस कापूस विकतो आणि पैसे घेऊन पसार होतो. गिऱ्हाइकाला पहिलं पत्र माहीत होतं, दुसरं नाही. मालकाला पैसे मिळाले नाहीत, तरी गिऱ्हाइकाने ते चुकते केले असंच धरलं जातं. म्हणून तुमचा माणूस कधी गेला यापेक्षा दुकानदाराला ते कधी कळलं, हे आधी शोधा.

१. घाईने काही देऊ नका, काही कबूल करू नका. संबंध बिघडू नयेत म्हणून पाच-दहा हजार देऊन टाकावेसे वाटतात. तिथेच माणसं अडकतात. सगळं माहीत असताना परस्पर झालेल्या व्यवहाराचा एक भाग मान्य केलात, तर याच कायद्याच्या कलम १९९ प्रमाणे तो पूर्ण व्यवहार मान्य केल्यासारखा होतो. शिवाय विकलेल्या मालाच्या वसुलीची मुदत साधारण ३ वर्षं असते. ती संपण्याआधी सहीनिशी लेखी कबुली किंवा थोडी रक्कम दिलीत, तर ही मुदत नव्याने मोजली जाऊ शकते.

२. कागद मागा. प्रत्येक चलन, बिल, ऑर्डरचा मेसेज, सही कुणाची, टेम्पोतला माल कुठे उतरला. सोबत जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे खरेदीच्या बिलांचं विवरण उघडा. तुमच्या जीएसटी नंबरावर कुणी काय बिलं फाडलीत, ते तिथे दिसतं, दुकानदाराने अजून न मागितलेलीसुद्धा. चुकीचं बिल पोर्टलवरच नाकारता येतं. ज्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलंत, ते आपलं नव्हे असं पुढे म्हणणं फार जड जाईल.

३. बिलांचे तीन गठ्ठे करा. तो कामावर असतानाचा नेहमीचा माल असेल, तर पैसे तुमचेच. त्याने तुमच्यापासून लपवलं असलं तरी दुकानदाराचा त्यात दोष नाही. तो गेल्यानंतरचा, पण जुन्या दुकानदाराकडून नेहमीसारखाच उचललेला माल बहुधा तुमच्याच गळ्यात येतो. इथे तडजोडीची बोलणी वकिलामार्फत करा. तिसरा गठ्ठा : दुकानदाराला तो गेल्याचं माहीत होतं, किंवा दुकानाशी तुमचा कधी व्यवहारच नव्हता, किंवा वर्कशॉपच्या नावावर घरचा फ्रीज नेलाय. त्याने स्वतःच्या नावावर घेतलेले हातउसने पैसेही यातच. हे ठामपणे नाकारा.

४. लेखी उत्तर द्या. स्पीड पोस्टने, पावती जपून. काम सोडल्याची तारीख, कोणती बिलं मान्य, कोणती अमान्य आणि का, एवढंच लिहा. रागाचं एकही वाक्य नको.

५. बाकीच्या दुकानदारांना आजच कळवा. उद्यावर टाकू नका, कारण तोवरचा माल तुमच्या नावावर चढू शकतो. मजकूर साधा ठेवा : "अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे काम करत नाही. आमच्या सही-शिक्क्याच्या ऑर्डरशिवाय कुणालाही माल देऊ नये." व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर पाठवा, "मिळालं" असं उत्तर घ्या. नुसत्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर विसंबू नका. जुन्या दुकानदाराने ती वाचली, हे सिद्ध कसं करणार? कंपनीचं सिम, लेटरहेड, शिक्का परत घ्या. बँकेत आणि जीएसटी पोर्टलवर त्याचा मोबाइल नंबर असेल तर बदला.

६. त्याच्याकडून वसुली. दुकानदाराला द्यावे लागलेले पैसे त्याच्याकडून मागण्याचा मार्ग मोकळा असतो. आधी नोटीस पाठवा. कामावर असताना ताब्यातला माल लाटला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, म्हणजे विश्वासघात, लागू शकतं. गेल्यावर तुमचं नाव सांगून उधारी केली असेल, तर कलम ३१८, म्हणजे फसवणूक. त्यात दुकानदारही फसलेला असतो, म्हणून त्यालाही तक्रार द्यायला सांगा. पोलिसांत तक्रार झाली म्हणून दुकानदाराचं देणं मात्र आपोआप मिटत नाही.

दाव्याचं समन्स आलंच, तर पाकीट त्याच दिवशी वकिलाकडे न्या. समरी दावा (झटपट निकालासाठीचा दावा) असेल, तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते.