राहोतेप-नोफ्रेतसारखी जोडमूर्ती रंगवताना

इजिप्तमधल्या मैदूमच्या मस्तब्यात, म्हणजे सपाट माथ्याच्या प्राचीन थडग्यात, १८७१ मध्ये सापडलेल्या राहोतेप आणि नोफ्रेत या दांपत्याच्या मूर्ती चुनखडीच्या आहेत, प्रत्येकी सुमारे १२० सें.मी. उंच. साडेचार हजार वर्षांनंतरही त्यांचे रंग ताजे दिसतात. ते रंग बहुतेक मातीचे आणि काजळीचे, म्हणून छोट्या मूर्तीवर ते घरीही जमतात.

१५ सें.मी.ची प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घ्या आणि आठवडाभर वाळू द्या. गालाला लावून थंड लागली, तर आत ओल आहे. ओल्यावर रंगवलेत तर पुढे रंगाचे पोपडे निघतात.

डिंक बाभळीचाच घ्या. इजिप्तमधले चितारीही बाभूळवर्गीय झाडांचाच डिंक वापरत, आणि आपल्या बाभळीच्या शास्त्रीय नावात तर नाईलच आहे. १० ग्रॅम डिंक २० मि.ली. पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा, बुरशी टाळायला लवंग तेलाचा एक थेंब घाला. यातले थोडे द्रावण आणखी तिप्पट पाण्याने पातळ करून मूर्तीवर एक हात फिरवा. हे वगळलेत तर कोरडे प्लास्टर रंगातला डिंक शोषून घेते आणि रंग भुकटीसारखा हाताला लागतो.

खडू आणि डिंकाचा पांढरा थर द्या. तो वाळला की पुरुषाच्या अंगाला गेरू, स्त्रीच्या अंगाला पिवळी माती. हा संकेत पाळाच; ही मूर्ती त्याच भाषेत बोलते. हरताळ हा पिवळा खनिज रंग मात्र आणू नका. इजिप्तमध्ये पुढे तो वापरात आला, पण त्यात आर्सेनिक असते.

रंग नेहमी आधी कागदावर लावून, वाळल्यावर बोटाने घासून पाहा. बोटाला लागला तर डिंक कमी. चकाकला किंवा तडकला तर जास्त.

खरी कसोटी निळ्याची. इजिप्शियन निळा वाळू, चुना आणि तांबे एकत्र भाजून केलेला असतो. तो फार बारीक वाटला की फिका पडतो, म्हणून भरडच ठेवा. मग तो तळाशी बसतो: डिंक थोडा वाढवा, दर वेळी ढवळा आणि दोन पातळ हात द्या. जाड एक हात दिलात तर डाग पडतात.

शेवटी काजळीने केस आणि डोळ्यांच्या कडा. राहोतेपची बारीक मिशीही विसरू नका. नोफ्रेतच्या केसांच्या टोपाखाली कपाळावर तिचे स्वतःचे केस डोकावतात, तिथे अगदी बारीक कुंचला लागेल. अंगावर छायाप्रकाश मुळीच दाखवू नका. रंग सपाट, कडा स्वच्छ. उठाव कोरीव कामातूनच येतो. दोघांचे डोळे मुळात स्फटिक बसवून केलेले आहेत, त्यामुळे फक्त बुबुळांवर घट्ट डिंकाचा एक थेंब चालेल. बाकी मूर्तीला वॉर्निश नको. त्याने गेरू काळवंडतो.