फोरमवर मॉड बसवणारे साधन भरवशाचे कसे करावे

नाशिक परिसरातील द्राक्ष बागायतदारांच्या एका फोरमची तांत्रिक देखभाल मी कॉलेज रोडवरच्या आमच्या छोट्या कार्यालयातून करतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत इथले बागायतदार तिथे फवारणीविषयी विचारतात, आणि विचारणाऱ्याने छाटणीची तारीख दिली नसेल तर पहिले उत्तर हमखास ‘बाग किती दिवसांची आहे?’ असेच येते. म्हणून सदस्याच्या नावाखाली छाटणीपासूनचे दिवस आपोआप दाखवणारा एक मॉड, म्हणजे फोरमच्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये घालायचा जादा बदल, आम्ही तयार केला. सात फाइलींत थोडे थोडे बदल आणि डेटाबेसमध्ये एक नवा रकाना, एवढाच त्याचा पसारा होता. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीच्या दिवसांत तो बसवायला घेतला, तेव्हा मॉड बसवणाऱ्या आमच्या साधनाने पहिल्या तीन फाइली बदलल्या. चौथीवर लिहिण्याची परवानगी नाही हे त्याला चौथीपाशी पोहोचल्यावर कळले आणि ते तिथेच थांबले. विषयाचे पान दाखवणारी फाइल पहिल्या तिनांत होती आणि ती ज्या फंक्शनला हाक मारत होती ते पाचव्या फाइलीत यायचे होते. त्यामुळे फोरमवरचा एकूण एक विषय कोरा दिसू लागला. आदल्या रात्री पाऊस झाला होता, डाऊनी या द्राक्षरोगाच्या धास्तीने लोक सल्ला शोधत होते, आणि त्यांना दुपारभर पांढरे पान पाहावे लागले. मॉडमध्ये काहीही चूक नव्हती, चूक साधनाच्या कामाच्या क्रमात होती. त्यानंतर आम्ही ते साधन कसे सुधारले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. तुमच्या फोरमच्या सॉफ्टवेअरमध्ये हुक किंवा एक्स्टेन्शन यांची, म्हणजे मूळ फाइली न बदलता बाहेरून कोड जोडण्याची, सोय असेल, तर मूळ फाइलींना हात लावणारा मॉड लिहूच नये. पीएचपीबीबी या फोरम सॉफ्टवेअरची ३.० ही आवृत्ती डिसेंबर २००७ मध्ये आली, तेव्हा त्याचे मॉड मॉडएक्स नावाच्या एक्सएमएल स्वरूपात लिहिले जात. अमुक फाइल उघडा, अमुक ओळ शोधा, तिच्यानंतर हा मजकूर घाला, अशा सूचना त्यात असत आणि ऑटोमॉड हे साधन त्या अमलात आणत असे. २०१४ मधील ३.१ या आवृत्तीपासून तिथे एक्स्टेन्शन आली आणि मूळ फाइलींची चिरफाड थांबली. परंतु जुन्या आवृत्तीवर वर्षानुवर्षे बदल साचलेले फोरम आजही चालू आहेत, एसएमएफ या दुसऱ्या फोरम सॉफ्टवेअरच्या पॅकेज मॅनेजरमध्ये फाइली बदलण्याची पद्धत अजून आहे, आणि आमच्यासारख्या अनेकांनी स्वतःपुरती साधने लिहून घेतलेली आहेत. हा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

आधी पूर्ण तपासणी, मग लेखन

सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे साधनाचे दोन स्वतंत्र भाग करणे. पहिल्या भागाने एकाही फाइलीवर काहीही न लिहिता सर्व बदल मेमरीत करून पाहावेत आणि एक योजना तयार करावी. प्रत्येक फाइलीचे नाव, तिच्या सध्याच्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा ठसा) आणि बदलानंतरचा संपूर्ण मजकूर, एवढे त्या योजनेत असले की पुरते. दुसऱ्या भागाने फक्त ही योजना अमलात आणावी. त्याने स्वतः कसलाही शोध घेऊ नये आणि कसलाही निर्णय करू नये. योजना तयार झाल्यानंतर आणि लेखन सुरू होण्याआधी मधल्या वेळेत कोणी फाइल बदलली असेल, तर हॅश जुळणार नाही आणि साधन वेळीच थांबेल.

तपासणीत प्रत्येक फाइल अस्तित्वात आहे का, तिच्यावर आणि तिच्या फोल्डरमध्ये लिहिता येते का, शोधायची ओळ सापडते का आणि ती नेमकी एकदाच सापडते का, हे सर्व पाहावे. बदललेली प्रत्येक पीएचपी (फोरमचा कोड ज्या भाषेत असतो ती) फाइल व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे ना, याचीही खात्री करावी. शेअर्ड होस्टिंगवर (अनेक संकेतस्थळांच्या सामायिक सर्व्हरवर) बाहेरची कमांड चालवायला बहुधा बंदी असते, अशा ठिकाणी पीएचपी ७ पासून टोकन_गेट_ऑल या फंक्शनला टोकन_पार्स हा पर्याय देता येतो. मजकुरात चूक असेल तर ते फंक्शन लगेच त्रुटी फेकते. पहिला अडथळा आला की थांबायचे, ही जुन्या साधनाची सवय मोडावी. सर्व अडथळे एकाच अहवालात यायला हवेत, नाहीतर अ‍ॅडमिनला एक दुरुस्ती, पुन्हा तपासणी, पुन्हा दुसरी दुरुस्ती, अशा खेपा घालाव्या लागतात.

ओळ शोधण्याचे काम

प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक मॉड इथेच अडतात, म्हणून यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा, असे माझे मत आहे. मॉड लिहिणाऱ्याने विंडोजवर फाइल जतन केली असेल तर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे येतात, लिनक्सवर एकच येते. कोणाच्या एडिटरने टॅबच्या जागी स्पेस घातलेल्या असतात, तर कोणाच्या फाइलीच्या सुरुवातीला बीओएम हे अदृश्य चिन्ह बसलेले असते. हे चिन्ह पीएचपी फाइलीत राहिले तर ते पानावर आधीच बाहेर पडते आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही परिचित त्रुटी समोर येते.

मराठी फोरममध्ये याहून सूक्ष्म अडचण येते. आमच्या भाषेच्या फाइलीत ‘दुसऱ्या पानावर जा’ अशी एक ओळ आहे आणि मॉडमध्येही तीच ओळ शोधायला सांगितली होती. दोन्ही पडद्यावर तंतोतंत सारख्या दिसत होत्या, तरीही साधन ‘सापडली नाही’ म्हणत होते. बाइट उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. मॉडमधला ‘ऱ्या’ हा युनिकोडमधल्या ०९३१ क्रमांकाचा ऱ, हलन्त आणि य असा लिहिलेला होता, म्हणजे काना सोडून नऊ बाइट. फोरमच्या जुन्या फाइलीत तोच ‘र्‍या’ साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह आणि मग य असा होता, म्हणजे बारा बाइट. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका रूपात आणण्याची प्रमाण पद्धत, इथे पुरेसे पडत नाही. र आणि नुक्ता यांच्या जोडीचे ते ०९३१ मध्ये रूपांतर करते, पण झेडडब्ल्यूजेच्या रूपाला ते स्पर्श करत नाही. त्यामुळे ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या क्रमाला ‘ऱ, हलन्त’ याच्या बरोबरीचे मानणारा नियम साधनात स्वतंत्रपणे घालावा लागतो. ‘बागायतदाराच्या’ला हा त्रास होत नाही, ‘शेतकऱ्यांच्या’ला होतो, आणि आमच्या फोरमवर शेतकरी हा शब्द पानोपानी आहे.

ही सर्व सामान्यीकरणे केवळ तुलनेसाठी वापरावीत. फाइलीच्या प्रत्येक ओळीची एक साफ केलेली प्रत तयार करावी, शोध त्या प्रतीत घ्यावा, आणि सापडलेल्या ओळीचा क्रमांक घेऊन बदल मात्र मूळ बाइटांवर करावा. तसे न केल्यास साधन मॉड बसवता बसवता सबंध फाइलीचे लेखन बदलून टाकते आणि पुढचा प्रत्येक मॉड अडतो.

एकच ओळ दोन-तीन ठिकाणी सापडली तर पहिली उचलू नये. मॉडमध्ये कितवी ओळ हवी ते सांगितलेले नसेल, तर आजूबाजूच्या ओळींसह सर्व जागा अ‍ॅडमिनला दाखवून थांबावे. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्राम संदर्भाच्या ओळी पूर्ण जुळल्या नाहीत तरी काही ओळी सोडून देऊन जागा ठरवतो. परिणाम वाचून पाहणाऱ्या प्रोग्रामरच्या हातात ती सोय उत्तम आहे. फोरमचा अ‍ॅडमिन बहुधा प्रोग्रामर नसतो, म्हणून अशी अंदाजाने सापडलेली जागा सूचना म्हणून दाखवावी आणि तिथे आपण होऊन काही लिहू नये.

फाइली जागेवर आणताना

मूळ फाइल उघडून तिच्यावरच लिहायला घेतले आणि मध्येच प्रक्रिया तुटली, तर अर्धी फाइल शिल्लक राहते. त्याऐवजी प्रत्येक नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी, वाचून हॅश पडताळावा, आणि सर्व तात्पुरत्या फाइली तयार झाल्यानंतरच एकेकीचे नाव बदलून तिला मूळ जागी आणावे. लिनक्सवर एकाच फाइल सिस्टीममध्ये नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळते किंवा नवी, अर्धवट कधीच मिळत नाही. मात्र अशी आलेली फाइल तांत्रिकदृष्ट्या नवीन असते, तेव्हा जुन्या फाइलीच्या परवानग्या तिला आवर्जून द्याव्यात.

सात फाइलींची नावे बदलण्याच्या दरम्यानही क्षणभर फोरम अर्धा जुना, अर्धा नवा असतो. म्हणून तेवढा वेळ फोरम बंद ठेवावा आणि प्रत्येक पाऊल उचलण्याआधी त्याची नोंद एका नोंदवहीच्या फाइलीत करावी. साधन पुन्हा सुरू झाले आणि नोंदवही अपुरी दिसली, तर इतर काहीही करण्याआधी त्याने जुन्या प्रती परत जागेवर आणाव्यात. दोन अ‍ॅडमिन एकाच वेळी मॉड बसवू लागले तर गोंधळ अटळ आहे, तेव्हा एक कुलूप-फाइलही ठेवावी. ऑपकॅश (पीएचपीचा कोड तयार रूपात मेमरीत ठेवणारी सोय) चालू असेल तर प्रत्येक बदललेल्या फाइलीसाठी ऑपकॅश_इनव्हॅलिडेट ला हाक मारावी, नाहीतर सर्व्हर काही काळ जुनाच कोड चालवत राहील.

जुन्या प्रती वेबच्या फोल्डरबाहेर ठेवाव्यात, हे मी आग्रहाने सांगतो. ‘कॉन्फिग’ फाइलीची प्रत शेवटी ‘बॅक’ लावून तिथल्या तिथे ठेवली, तर सर्व्हर तिला पीएचपी मानत नाही. ती साधा मजकूर म्हणून कोणालाही वाचायला मिळते आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो.

डेटाबेसच्या बाबतीत मायएसक्यूएल मदतीला येत नाही. तिथे तक्त्याची रचना बदलणारी आज्ञा दिली की चालू व्यवहार (ट्रान्झॅक्शन) आपोआप पक्का होतो आणि मागे घेता येत नाही. म्हणून नवा रकाना फाइलींच्या आधी जोडावा, कारण जुन्या कोडला जास्तीच्या रकान्याचा त्रास सहसा होत नाही. काढायचा असेल तर फाइली पूर्ववत झाल्यानंतरच काढावा. जोडण्याआधी तो आहे का हे तपासावे, म्हणजे तीच क्रिया पुन्हा चालली तरी बिघाड होत नाही.

झिप फाइल उघडताना तिच्यातील प्रत्येक मार्ग फोरमच्या फोल्डरच्या आतच संपतो ना, हेही पाहावे. दोन टिंबांच्या (म्हणजे ‘वरच्या फोल्डरमध्ये जा’) मार्गाने बाहेर पडणारी फाइल आढळली तर संपूर्ण पॅकेज नाकारावे.

मॉड काढणे आणि नवी आवृत्ती आणणे

जुनी साधने मॉड काढताना सूचना उलट्या चालवतात: घातलेला मजकूर शोधा आणि पुसा. त्या मजकुराच्या मध्ये दुसऱ्या मॉडने काही घातले असेल, तर ही पद्धत कोलमडते. आम्ही पद्धतच बदलली. फोरमच्या निर्मळ मूळ फाइली एका बाजूला जपून ठेवायच्या, बसवलेल्या मॉडची क्रमवार यादी ठेवायची, आणि कोणताही मॉड काढायचा झाला की तो यादीतून वगळून उरलेले सर्व मॉड मूळ फाइलींवर नव्याने चढवायचे. ओपनकार्ट या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेले व्हीक्यूमॉड काहीसे असेच वागते. मूळ फाइल ते बदलत नाही, बदललेली प्रत वेगळी तयार करते.

या पद्धतीचा मोठा लाभ नवी आवृत्ती आणताना होतो. नव्या आवृत्तीच्या फाइली मूळ म्हणून ठेवायच्या आणि यादी केवळ तपासणीच्या भागातून चालवायची. कोणते मॉड जसेच्या तसे चढतील आणि कोणते दुरुस्त करावे लागतील, हे फोरमला धक्का न लावता समजते. कोणी एफटीपीवरून थेट फाइल बदललेली असेल, तर तिचा हॅश आपल्या नोंदीशी जुळत नाही. असा हातचा बदल साधनाने कधीही पुसू नये. मूळ फाइलीशी त्याचा फरक काढून तो यादीत स्वतंत्र मॉड म्हणून नोंदवावा आणि तो कोणी केला हे अ‍ॅडमिनला विचारावे.

संदेश मराठीत आणि पूर्ण असावेत. ‘तपासणी अयशस्वी’ एवढ्याने निफाडच्या अ‍ॅडमिनला काहीही कळत नाही. आमचे साधन आता असे लिहिते: ‘मराठी भाषेच्या कॉमन फाइलीत “दुसऱ्या पानावर जा” ही ओळ सापडली नाही. ४१२व्या ओळीवर “पुढच्या पानावर जा” असा जवळचा मजकूर आहे. फोरममध्ये अद्याप काहीही बदललेले नाही.’ या तीन वाक्यांतील शेवटचे कधीही गाळू नये, कारण घाबरलेल्या माणसाला आधी तेच जाणून घ्यायचे असते.

साधन तयार झाल्यावर ते मुद्दाम मोडून पाहावे. आम्ही कार्यालयातल्या संगणकावर फोरमची प्रत उभी केली आणि साधन प्रत्येक पावलानंतर अचानक बंद पाडले: पहिल्या नावबदलानंतर, दुसऱ्यानंतर, रकाना जोडल्यानंतर, नोंदवही लिहिता लिहिता. दर वेळी पुन्हा सुरू केल्यावर सर्व फाइलींचे हॅश आधीच्या नोंदीशी ताडून पाहिले. नोंदवहीच अर्धवट लिहिली गेली तर काय, हा प्रश्न या चाचणीतूनच समोर आला आणि तीही तात्पुरत्या नावाने लिहून मग जागेवर आणू लागलो.

त्यानंतर छाटणीच्या दिवसांचा तोच मॉड पुन्हा घेतला. अहवालात चौथ्या फाइलीची परवानगी आणि पानाच्या दोन टेम्प्लेटमध्ये सारखीच सापडलेली एक ओळ, असे दोन अडथळे एकदमच आले. परवानगी होस्टिंगच्या पॅनेलमधून दुरुस्त केली, ओळीला नेमका संदर्भ दिला, तपासणी पुन्हा चालवली, आणि त्याच संध्याकाळी दिंडोरीच्या एका सदस्याच्या प्रश्नावर, त्याच्या नावाखाली ‘छाटणीपासून २३ दिवस’ असे लिहिलेले दिसले.