‘बेकार’ला इंग्रजीत दरवेळी यूजलेस लिहू नका, मग काय लिहायचं ते सांगतो

मागच्या महिन्यात नागपुरात धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. बाजूला एक काका मुलाचा कसलातरी फॉर्म भरून राहिले होते, सगळा इंग्रजीत, आणि व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, यूजलेस. त्यांना म्हणायचं होतं पोरगा सध्या बेकार आहे, म्हणजे नोकरी नाही. पोरगा बाजूलाच उभा होता आणि त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, त्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं काका, अनएम्प्लॉइड लिहा. त्यांनी लगेच खोडलं, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना, म्हणून हे लिहून राहिलो.

गडबड कुठे होते बघा. आपल्याकडे बेकार हा एकच शब्द सगळीकडे चालतो. पोहे बेकार, पिक्चर बेकार, मोबाईल बेकार, मेहनत बेकार गेली आणि नोकरी नसलेला पोरगाही बेकार. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. म्हणून लिहायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, नेमकं काय चालत नाहीये? वस्तू, मेहनत, माणसाला येत असलेलं काम, की नुसती आजची अडचण? एवढं ठरलं की शब्द अर्धा सापडला.

वस्तूसाठी घरचा कूलर घ्या. भर मे महिन्यात मोटर जळली, तर ‘द कूलर इज नॉट वर्किंग’ एवढं पुरे. आउट ऑफ ऑर्डर हे लिफ्ट, एटीएम असल्या सगळ्यांच्या वापरातल्या मशीनवर जास्त शोभतं. आता तोच कूलर जुलैत बघा, मोटर ठीक, पाणी भरलेलं, पंखा गरगर फिरून राहिला पण गारवा नाही, कारण हवेतच इतकी ओल असते की ताटीवरचं पाणी उडतच नाही आणि पाणी उडाल्याशिवाय हवा थंड होत नाही. हा कूलर बिघडलेला नाही, हा इनइफेक्टिव्ह आहे, म्हणजे चालतो पण परिणाम नाही. आणि शेजाऱ्यांचा जुना कूलर खोली गार करतो पण वीज आणि पाणी दुप्पट खातो, तो इनएफिशियंट. काम होतं, पण नासाडी करून.

हाच फरक माणसांना लावताना फार सांभाळा. इनएफिशियंट माणूस काम करतो पण वेळ घालवतो. इनकॉम्पिटंट माणसाला ते काम येतच नाही. इनेप्ट म्हणजे हाताळणी कच्ची, बोलायला गेला की नेमकं नको ते बोलून बसतो तसं. हे शेवटचे दोन्ही कडक शब्द आहेत, ऑफिसच्या मेलमध्ये एखाद्याबद्दल इनकॉम्पिटंट लिहिलं तर ते त्याच्या नोकरीवर येऊ शकतं, म्हणून राग आला असेल त्या दिवशी हा शब्द लिहूच नका, काम कुठे अडलं तेवढंच लिहा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जोडी, अनेबल आणि इनकेपेबल. माझा भाचा बुटीबोरीला कंपनीत आहे, त्याने साहेबाला मेल टाकला, ‘आय ॲम इनकेपेबल टू कम ऑन सॅटर्डे’. त्याचा वाचून अर्थ होतो की शनिवारी यायची माझ्यात कुवतच नाही. अनेबल म्हणजे या वेळी जमत नाही, इनकेपेबल म्हणजे ते करायची क्षमताच अंगात नाही. व्याकरणही वेगळं आहे, अनेबलनंतर टू येतो, अनेबल टू कम, आणि इनकेपेबलनंतर ऑफ आणि आयएनजी, इनकेपेबल ऑफ लाइंग, म्हणजे खोटं बोलूच न शकणारा, जी उलट तारीफ झाली. पण खरं सांगू का, रोजच्या मेलला दोन्ही नकोत, ‘आय वोन्ट बी एबल टू कम ऑन सॅटर्डे’ हे सगळ्यात साधं आणि सभ्य.

मेहनत वाया गेली तर फ्यूटाइल किंवा इन व्हेन. फ्यूटाइल हा लॅटिनमधून आलाय आणि तिथे त्याचा मूळ अर्थ गळका, ज्यातून सगळं सांडून जातं असा. आपण पालथ्या घड्यावर पाणी म्हणतो, त्यांचा घडा सुलटा आहे पण गळका. मला तर शब्द लक्षात ठेवायला हेच पुरलं. बोलताना एवढा जड शब्द नको असेल तर ‘इट्स नो यूज आर्ग्यूइंग विथ हिम’, नो यूजनंतर आयएनजी, झालं.

स्वतःबद्दल हलकं बोलायचं तर यूजलेस चालतो बरं का, पण ॲट लावून. ‘आय ॲम यूजलेस ॲट कुकिंग’ म्हणजे मला स्वयंपाक जमत नाही, बस. होपलेस ॲट, नो गुड ॲट, बॅड ॲट सगळे असेच. नुसतं ‘ही इज यूजलेस’ म्हटलं की अख्खा माणूसच टाकाऊ ठरवला. मात्र इंटरव्ह्यूत स्वतःलाही असं म्हणू नका. एक्सेल येत नाही तर ‘आय हॅवन्ट यूज्ड एक्सेल मच येट’ म्हणा, खोटंही नाही आणि दारही बंद होत नाही.

काही शब्द दिसतात एक, निघतात दुसरेच. इनव्हॅल्युएबल म्हणजे काहीच मोल नसलेला नाही, फार मोलाचा, उलट वर्थलेस म्हणजे कवडीमोल. अनक्वालिफाइड माणूस म्हणजे पात्रता नसलेला, पण अनक्वालिफाइड सक्सेस म्हणजे निर्विवाद यश. इनव्हॅलिडचा जोर मधल्या अक्षरावर दिला तर तिकीट किंवा ओटीपी चालत नाही, पहिल्यावर दिला तर आजाराने खिळलेला माणूस, आणि माणसासाठी तो शब्द आता कोणी चांगला मानत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी ‘पर्सन विथ डिसेबिलिटी’ लिहा, 2016 च्या कायद्याच्या नावातही पर्सन्स विथ डिसेबिलिटीज असंच आहे, माणूस आधी.

बंद पडलेल्या संस्थेला डिफंक्ट म्हणतात. 1877 साली सुरू झालेली आपली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी आज डिफंक्ट आहे, पण तिला यूजलेस म्हणून दाखवा जरा नागपुरात, कितीतरी घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या आहेत. काळ पुढे गेला म्हणून मागे पडलेली वस्तू, जसा एसटीडी पीसीओ, ती ऑब्सोलीट.

आणि रिडंडंट. मिहानमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या ओळखीच्या पोरीला मेल आला, ‘युअर पोझिशन हॅज बिकम रिडंडंट’. तिने डिक्शनरीत बघितलं, अनावश्यक, निरुपयोगी, आणि दोन दिवस जेवली नाही. नीट वाचा, त्यात पोझिशन लिहिलंय. कंपनीला ती जागा नको झाली, पोरगी कामाची नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. पुढच्या इंटरव्ह्यूत का सोडलं विचारलं तर ‘माय रोल वॉज मेड रिडंडंट’ असं मान वर करून सांगायचं, समोरचा एचआर हा शब्द रोज ऐकतो आणि त्याला त्यात तुमची चूक दिसत नाही. तिला मी हेच वाक्य पाच वेळा म्हणायला लावलं, सहाव्यांदा तिने स्वतःहून म्हटलं.