ओलित सुरू करायच्या आधी मोटरले मेगर असा लावा

पावसाळाभर विहिरीवरची मोनोब्लॉक मोटर बंद पडून असते आणि हरभऱ्याले पाणी द्यायची वेळ आली की आपण सरळ स्टार्टर दाबतो. वाइंडिंगमधे ओल असेल तर तिथंच जळते. मेगर म्हणजे वाइंडिंगच्या तारेवरचं इन्सुलेशन चांगलं आहे का हे मोजायचं यंत्र; ते लावणारेही बरेच जण एकदा आकडा पाहून सोडून देतात, पण आकडा किती आला यापेक्षा तो चढला कसा हे पाहणं जास्त कामाचं आहे.

आधी ऑटो (लाइन आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) बंद करा, डीपीवरचे किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवा, कारण थ्री फेज कधी येईल याचा आपल्याकडं नेम नाही. मंग केबल स्टार्टरमधून सोडवा, नाहीतर मेगरच्या 500 व्होल्टनं ऑटोचं कार्ड उडू शकते. सिंगल फेज असेल तर कपॅसिटरही वेगळा करा. मेगरची एक वायर वाइंडिंगले, दुसरी बॉडीले, बॉडीवरचा पेंट खरवडून. मेगर बॅटरीवालाच घ्या, हातानं फिरवायच्या मेगरचा व्होल्टेज सारखा राहत नाही.

आता बटन दाबून ठेवा आणि घड्याळ पाहा, 30 सेकंदाले आकडा लिहा, 60 सेकंदाले परत लिहा. वार्निश, कागद असल्या इन्सुलेशनमधल्या रेणूंले व्होल्टेजच्या दिशेनं वळायले वेळ लागते आणि वळेपर्यंत ते थोडा करंट ओढतात, तो हळूहळू कमी होतो म्हणून कोरड्या मोटरमधे मेगरवरचा आकडा, म्हणजे मेगोहम (इन्सुलेशन करंटले किती अडवते त्याचं माप), चढत जातात. ओल असली की गळतीचा करंटच एवढा मोठा असते की हा बारीक करंट त्यात दिसत नाही, आकडा जागच्या जागी राहते. 60 चा आकडा भागिले 30 चा, उत्तर 1.4 च्या वर आलं तर छान, 1 च्या आसपास असेल आणि मेगोहमही कमी असतील तर मोटर चालू करू नका. आकडा हजारांत असेल तर मात्र भागाकाराच्या मागं लागू नका, छोट्या मोटरमधे तो करंट लवकर संपते. मोठ्या मोटरले 1 मिनिट आणि 10 मिनिटाचा आकडा घेतात, तिथं 2 च्या वर पाहिजे. आपल्या 415 व्होल्टच्या मोटरले 1 मिनिटाले कमीत कमी 5 मेगोहम तरी हवेत, तेही 40 डिग्रीचा हिशोब धरून, कारण साधारण 10 डिग्री तापमान वाढलं की मेगोहम अर्धे होतात.

टेस्ट झाल्यावर लगेच हात लावू नका भाऊ! वळलेले रेणू परत जागेवर यायलेही वेळ घेतात, एकदा शॉर्ट करून वायर काढली तरी व्होल्टेज पुन्हा उभा राहते. जेवढा वेळ टेस्ट केली त्याच्या चारपट वेळ वाइंडिंग बॉडीले शॉर्ट करून ठेवा, 10 मिनिटाची टेस्ट तर 40 मिनिटं.

ओल निघाली म्हणून लगेच रिवाइंडिंगले टाकू नका, लय पैसा जातो. मोटर उघडून ऊन द्या, नाहीतर स्टेटरमधे (वाइंडिंग असलेला न फिरणारा भाग) 100 वॅटचा साधा, तारेचा गरम होणारा बल्ब लावून ठेवा, काच वाइंडिंगले टेकू देऊ नका. गरम होताना आकडा आधी खाली येते, त्यानं घाबरू नका, ओल निघत गेली की तोच परत चढते. चढून एका जागी थांबला की बल्ब काढा, मोटर पूर्ण थंड होऊ द्या आणि 30-60 ची टेस्ट परत घ्या, आणि तो आकडा तारखेसहित स्टार्टरच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्याशीच ताडून पाहायचं आहे.